कपाटाची पाठ

जुनं कपाट पुढून बघण्यात अर्थ नसतो. पुढून ते देखणंच दिसणार, त्यासाठीच तर त्याला चोपून पॉलिश करून उभं केलेलं असतं. मागे जायचं, भिंतीकडची फळी बघायची. खण पूर्ण बाहेर ओढून उलटा करायचा. विकणारा गप्प राहून बघू देत असेल तर बरं. 'अहो मादाम, सांभाळून' असं उगाच म्हणायला लागला, तर खणात काहीतरी आहे असं समजावं.

ब्रसेल्सच्या मारोल या जुन्या कष्टकरी वस्तीत, प्लास द्यु जू द बाल नावाच्या चौकात १८७३ पासून जुना बाजार भरतो. आठवडी बाजार नव्हे, रोजचा. सकाळी व्हॅन लागतात आणि कुणाचं तरी अख्खं रिकामं केलेलं घर फरसबंदीवर पसरलं जातं. केळ्यांच्या खोक्यांत चमचे नि अल्बम, शेजारी तीन पायांचं झालेलं टेबल, त्यावर फ्रेम केलेलं कुणाचं तरी लग्न. घासाघीस फ्रेंच, फ्लेमिश आणि अरबी अशा तिन्ही भाषांत चालते, माझी चौथी पुटपुटत्या मराठीत. दुपारी दोन-तीनला बाजार उठायच्या वेळी भाव कोसळतात. परत व्हॅनमध्ये चढवण्यापेक्षा दिलेलं बरं, असा हिशेब.

वर चढावर साब्लोंला, चर्चच्या सावलीत, शनिवार-रविवारी दुसरा बाजार असतो. तिथे किंमत विचारायलाही जरा चांगले कपडे घालून जावं लागतं. मी तिथे शिकायला जाते आणि घ्यायला खाली उतरते.

शिकण्यासारखं बरंच आहे. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्यांचे पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवतात, तो डोव्हटेल सांधा. हाताने कापलेल्या सांध्याच्या दोन शेपट्या कधी एकसारख्या नसतात, यंत्राच्या असतात. हातकरवतीच्या खुणा सरळ उमटतात आणि गोल करवतीच्या कमानीसारख्या. गोल करवत रुळली ती नंतर, म्हणून अशा कमानी दिसल्या की 'अठराव्या शतकातलं आहे' हे मान डोलावून ऐकायचं नि पुढे चालायचं. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून खरंच जुनं गोल टेबल टेपने दोन्ही बाजूंनी मोजलं तर गोल भरत नाही. अगदी चोख गोल निघालं तर मी जरा बिचकते. किड्याची भोकं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण भोकाखाली ताजी पिठी पडली असेल तर ते बिऱ्हाड अजून नांदतंय. वरचा भाग एका कपाटाचा नि खालचा दुसऱ्याचा, असे संसारही इथे बरेच जुळवलेले असतात. पाठीमागच्या फळ्यांचा रंग वर एक नि खाली दुसरा दिसला की ते उघडं पडतं.

आईला हे सगळं मुळात पटत नाही. "कुणाचं गं ते? माणूस गेलेल्या घरातलं ना?" हा तिचा पहिला प्रश्न. आमच्याकडे जुनं फर्निचर म्हणजे आजोबांचं, म्हणजे आपलं. परक्याचं मेल्यानंतरचं कपाट घरात आणणं तिला अजिबात रुचत नाही. फक्त मी आणलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या चार खुर्च्यांच्या बाबतीत तिने सवलत दिली, कारण त्या तिने ओळखल्या. "अगं, या तर इराण्याकडच्या!"

खरंच त्या घराण्यातल्या. मिखाएल टोनेट या जर्मन सुताराने व्हिएन्नात बस्तान बसवलं आणि बीच नावाच्या झाडाच्या दांड्या वाफेवर वाकवून १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, त्यामुळे बोटीने कुठेही धाडायच्या नि तिथे जोडायच्या. आज आपण सपाट खोक्यातलं फर्निचर घरी आणून कौतुकाने जुळवत बसतो, ती युक्ती इतकी जुनी. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि 'याकोब उंड योसेफ कोन' या कंपनीसारखे बरेच जण तशाच खुर्च्या बनवू लागले. म्हणून इथेही खुर्ची उलटी करायची. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला ठसा असतो, कागदी लेबल असतं, निदान त्याचा डिंकाचा चौकोन तरी. आमच्या चारपैकी एक 'कोन' कंपनीची आहे. उरलेल्या तिघी अनामिक, पण कुरकुरत नाहीत.

आपला माल इथे केव्हाच पोचलाय, हे आईला सांगितलं तेव्हा ती जरा निवळली. फ्रेंच पॉलिश म्हणून मिरवतात ते काय, तर आपल्याकडच्या झाडांवरची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पोटलीने हळूहळू चोळत बसायची. आमच्या गल्लीतला सुतार त्यालाच चपड्याचं पॉलिश म्हणायचा. गरम कप ठेवला की त्यावर पांढरं वर्तुळ उठतं, इकडेही नि तिकडेही.

या देशात सध्या ओकची अवाढव्य कपाटं नव्या भुशाच्या फळ्यांच्या कपाटापेक्षा स्वस्त मिळतात. लहान फ्लॅटमध्ये ती कुणालाच नको आहेत. मला हवी आहेत, पण आमच्याही फ्लॅटला तीच अडचण. म्हणून मी घेतलं ते हात-तोंड धुवायचं टेबल. नळ घरोघरी यायच्या आधी त्यावर तांब्या आणि तस्त ठेवत. वर पांढरा संगमरवर, मागे हिरव्या टाइल्सची रांग, टाइलवर लांब देठांची फुलं. शंभर वर्षांपूर्वीच्या बेल्जियन घरांत असं एक हमखास असायचं. तस्त ठेवायची ती जागा, तिथे आता आमचे देव बसतात. उंची बरोबर, पाणी सांडलं तरी काळजी नाही, आणि फुलं आयतीच. आईने आधी गंगाजलाची कुपी पाठवली, मग संमती.

संगमरवराला मात्र आम्लाचं वावडं. लिंबाचा थेंब पडला तर चकाकी खाल्लेला ठिपका तिथे कायमचा राहतो. म्हणून देव चिंचेने घासायचे ते सिंकमध्ये, टेबलावर नाही, असा मी घरात नियम केलाय. कितपत टिकतो ते दिवाळीला आई आल्यावर कळेल.