ट्रॅक्शन न देता पाठवलेला पेशंट

गुऱ्हाळं आणि कारखाने सुरू झाले, की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कमरांची रांग लागते. उसाच्या मोळ्या उचलून, गुळाचे रवे भरून, ट्रॅक्टरवर आदळून आखडलेल्या कमरा. यातल्या बहुतेक सहा आठवड्यांत सुधारतात. मी फार काही केलं नाही तरी सुधारतात. पण हातात एमआरआयची पिशवी असते आणि ‘(दोन मणक्यांमधली) गादी झिजलीय’ हे वाचून माणूस निम्मा खचलेला असतो. मग सांगावं लागतं, की कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या १०० जणांचे फोटो काढले, तर ८० जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतील. २०१५ साली तीन हजारांहून जास्त अशा धडधाकट लोकांच्या तपासण्या एकत्र करून हे आकडे मांडले गेलेत. थोडक्यात, ‘घाबरू नका’ म्हणणं हाच माझा निम्मा धंदा.

पन्हाळ्याकडचे ते काका मुळीच घाबरलेले नव्हते. साठीकडे झुकलेले, गुऱ्हाळावर गुळव्या. माणसं कमी म्हणून ३० किलोचे रवे ट्रॉलीत चढवायलाही तेच लागले, कमरेत कट्‌कन झालं आणि दोन्ही पायांत पोटऱ्यांपर्यंत कळा सुरू झाल्या. गावात कुणीतरी मणका बसवून दिला. मग एका डॉक्टरांची चिठ्ठी: ट्रॅक्शन, म्हणजे टेबलावर झोपवून कंबर ताणणं, आणि व्यायाम.

“आता लई बरं हाय म्याडम. कालपास्नं पाय दुखायचं थांबलंय. नुसतं बधिर लागतंय.”

कळ जाऊन बधिरपणा आला, हे मला ऐकायला आवडत नाही. चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, तर उजवी टाच उचललीच नाही. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली, दोन्ही पावलं ढिम्म. एका बाजूची नस दबली तर एक पाय ओरडतो. दोन्ही पाय म्हणजे मधोमध काहीतरी. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली नसांचा जुडगा असतो आणि लघवी-संडासचा ताबा त्यातल्याच नसांकडे.

आता विचारायला हवं होतं, आणि आपल्याकडं सगळं इथंच अडतं. विचारणारी बाई, समोर वडिलांच्या वयाचा माणूस, शेजारी पदर सावरून बसलेली त्यांची सून. तिला म्हटलं, “ताई, जरा बाहेर केसपेपर करून या.” केसपेपर झालेलाच होता.

“काका, लघवीला साफ होतंय?”

“व्हतंय की.”

“शेवटचं कधी गेलात?”

ते भिंतीवरच्या सांगाड्याच्या तक्त्याकडं बघत राहिले. “काल सांजंपास्नं थेंब थेंब. पानीच कमी पितोय.”

“धुताना हाताचा स्पर्श कळतो का?”

बराच वेळ गप्प. मग हळूच, “न्हाई. गादीवर बसल्यागत लागतंय. पर तुमाला कुनी सांगितलं?”

ओटीपोट हाताला टणक लागत होतं. लघवी तुंबलेली, आणि तुंबल्याची जाणीवही नाही.

ट्रॅक्शनच्या टेबलावर मी त्यांना चढू दिलं नाही. मणक्याच्या सर्जनना फोन करून ‘कॉडा इक्विना वाटतोय’ एवढंच म्हटलं, म्हणजे तो नसांचा जुडगाच दबलाय. ते म्हणाले, लगेच पाठव. यात नसांवरचा दाब उतरायला जितका उशीर, तितका लघवीवरचा ताबा परत यायची आशा कमी. ४८ तास उलटू नयेत अशी धडपड असते, आणि काकांचे त्यातले बरेचसे संपले होते. सर्जन पटकन ऐकतात, घरचे नाही. दुखत नाही तर ऑपरेशन कशाला? फोनवरून थोरल्या मुलाचं म्हणणं, उद्या अमावस्या आहे, ती होऊ दे. मी म्हटलं, अमावस्या टाळाल, पण मग जन्मभर लघवीला नळी लागली तर? ते लागू पडलं.

नळी घातल्यावर पाऊण लिटर लघवी निघाली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुटून सगळी पोकळी भरलेली. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

पायाची ताकद हळूहळू आली, त्यासाठी ते माझ्याकडंच येत. नळी सुटायला पुष्कळ आठवडे गेले. बसायच्या जागेचा स्पर्श अजून पुरता आलेला नाही, कदाचित येणारही नाही. तसं त्यांना सांगितलंय. रवे उचलणं बंद. काहिलीपाशी उभं राहून पाक तेवढा बघतात.

त्यांच्या गुऱ्हाळावरची माणसं आता माझ्याकडं येतात. परवा एक पोरगा कंबर धरून आला आणि दारातनंच म्हणाला, “म्याडम, लघवी साफ हाय, संडासबी साफ हाय. आता कमरंचं बगा.”