हाल्ब ड्राय

जर्मनीतल्या ग्योटिंगेनला येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं रविवारी कॉफीला बोलावलं. ‘हाल्ब ड्राय’ला ये म्हणाली. हाल्ब म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन. साडेतीन. त्यात विचारायचं काय?

जर्मन लोक वेळेचे पक्के, हे इंदूरहून निघताना ज्यानं त्यानं ऐकवलं होतं. (आमच्या रामबागेत चारला बोलावलं तर पाहुणा साडेचारला घरून निघतो, आणि यजमान तेव्हा आंघोळीला गेलेला असतो.) म्हणून मी तीन पंचवीसलाच तिच्या दाराबाहेर उभी. हातात आईनं दिलेल्या चिवड्याचा डबा. मोबाइलवर साडेतीन झाले आणि दार वाजवलं.

आत तीन बशा धुऊन पालथ्या घातलेल्या. चौथीत केकचा एक तुकडा, वर ताटली झाकलेली. ती रागावली असती तर परवडलं असतं. म्हणाली, “आम्हाला वाटलं, तुला बरं नाहीये.”

हाल्ब ड्राय म्हणजे अडीच.

संध्याकाळी नानांना फोन लावला. तिकडे साडेआठ वाजले होते, ताटावर बसायच्या बेतात होते. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस. आधी पोटभर हसले. मग म्हणाले, “अगं, आपला अडीच तरी कुठून आला? अर्धतृतीय! दोन पुरे, तिसरा अर्धा. प्राकृतात घासून घासून त्याचा अडीच झाला. ते लोक तेच तर म्हणतायत. आणि तू पावणेतीन म्हणतेस तेव्हा तीन वाजलेले असतात का?”

“नाना, हे तुम्ही मला आधी सांगायचं ना!”

“कीलहॉर्नच्या गावात राहतेस आणि मला विचारतेस?”

कीलहॉर्न म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे, पतंजलीचं महाभाष्य संपादित करणारे. 1882 मध्ये ते इथे प्राध्यापक होऊन आले. नानांसाठी या गावाची ओळख एवढीच. मी इथे जंगलशास्त्र शिकते, हे ते शेजाऱ्यांना सांगतच नाहीत.

त्या फोननंतर जर्मन वेळ माझ्या डोक्यात मराठीतूनच शिरते. वर्गातला सॅक्सनीचा मुलगा ‘फिअर्टल ड्राय’ म्हणतो, म्हणजे पाव तीन, म्हणजे सव्वादोन. त्यावर इथलीच मुलं गोंधळतात, मी नाही. आकड्यांचंही तसंच. एकवीसला ते ‘एक आणि वीस’ म्हणतात. आपणही आधी एकच म्हणतो की!

वेळेच्या पक्केपणाची गंमत पुढे कळली. वेळापत्रकात दहापुढे ‘सी. टी.’ असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. पाव तास उशीर, पण लेखी! ‘एस. टी.’ असेल तर दहाच्या ठोक्याला. ती अक्षरं पाहिली की मला अजून मावशीच्या गावाला जाणारी लाल गाडीच आठवते.

कचऱ्याच्या बाबतीत तरी आपण कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, असं ठरवून आले होते. इंदूरची मुलगी, 2017 मध्ये आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हापासून ओला-सुका अंगवळणी पडलेला. इथे काचेच्या बाटल्यासुद्धा रंगाप्रमाणे वेगळ्या टाकतात: पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी. तेही नीट केलं. तरी एका आजींनी हटकलंच. बाटल्या बरोबर डब्यात पडत होत्या, पण वार रविवार होता. रविवारी खळखळाट करायचा नाही.

मागच्या आठवड्यात मी शेजारणीला पोह्यांना बोलावलं. ‘हाल्ब ड्राय’ स्वतःच्या तोंडानं सांगितलं. शेव होती, जीरावन मसाल्याची पुडी फोडून ठेवली होती, लिंबूही मिळालं होतं. ती दोन एकोणतीसला दारात. माझे पोहे चाळणीत निथळत होते आणि कांदा अजून चिरायचा होता. मी तिच्या हातात सुरी दिली.