मुलांसाठी नवी गाणी शोधताना

मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर मुलांची गाणी शोधली की तीच ती बालगीते नव्या चकचकीत वाद्यमेळात पुढे येतात. म्हणून मी आता २००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर, जेथे डिजिटल विक्रीतील कंपनीचा वाटा साधारण १० ते १५ टक्केच असतो, स्वतंत्र कलाकारांचे अल्बम टॅगवरून चाळतो. मुद्दाम लाडिक आवाज काढणारे गायक मी पहिल्या कडव्यातच बंद करतो. (मुलेही करतात.) एखादा अल्बम आवडला की श्रेयनामावलीतील साथीदारांची नावे शोधावीत, हा माग सहसा वाया जात नाही. परवा असेच युकुलेलेच्या साथीचे, दात पडण्याविषयीचे एक गाणे सापडले. धाकटीने ते तीनदा लावायला सांगितले आणि चौथ्यांदा, पुढच्या दातांच्या खिंडारातून हवा सोडत, स्वतःच म्हटले.