तिकीट काढण्याआधी लसींचं कार्ड उघडा

साथ सुरू असताना लेकरांना घेऊन परदेशी जायचं ठरलं की घरात दोन तट पडतात. आजीचं म्हणणं, ‘बाहेर एवढी साथ आहे, आत्ता दवाखान्यात कशाला न्यायचं? परत आल्यावर टोचू.’ बाबांचं म्हणणं, ‘राहिलेलं सगळं निघायच्या आधी एकदाचं उरकून टाकू.’ काळजी दोघांचीही खरी, आणि हिशेब दोघांचाही थोडा चुकलेला.

लसींच्या वेळापत्रकाची गंमत अशी, की दोन डोसांतलं अंतर वाढलं तर पहिला डोस वाया जात नाही, पण अंतर कमी पडलं तर दुसरा जाऊ शकतो. पहिल्या डोसनंतर शरीरात त्या जंतूची ओळख पटलेल्या पेशी तयार होऊन पक्क्या व्हायला काही आठवडे लागतात. त्याआधीच दुसरा डोस दिला तर तो नीट लागू पडत नाही. म्हणून धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याच्या पहिल्या तीन डोसांत किमान ४ आठवडे हवेतच. तेच अंतर ४ महिने झालं, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिलेल्या डोसपासून पुढे जायचं. मधल्या काळात मूल अर्धवट संरक्षित राहतं, तोटा तो. ‘कोर्स मोडला, आता परत सगळं घ्यावं लागेल’ या भीतीने जे लोक दवाखान्यात जायचंच टाळतात, त्यांनी हे वाक्य आधी वाचावं.

अपवाद रोटाव्हायरसचा, म्हणजे तान्ह्यांना जोराचे जुलाब करणाऱ्या विषाणूच्या लसीचा. या तोंडावाटे द्यायच्या लसीला अनेक देशांत वयाची कडक मर्यादा आहे. अमेरिकेच्या वेळापत्रकात पहिला डोस १५ आठवडे पूर्ण व्हायच्या आत आणि शेवटचा ८ महिने पूर्ण होईपर्यंत द्यावा लागतो. ती वेळ टळली की लस देतच नाहीत. तीन महिन्यांचं बाळ घेऊन निघणाऱ्यांनी ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणायचं नाही, ते याच लसीसाठी.

दवाखान्यात जाण्याची भीतीही समजून घेतली पाहिजे. २०२० मध्ये आफ्रिकेतल्या देशांसाठी हा हिशेब मांडला गेला होता: लसीकरणाला गेल्यामुळे लागण होऊन कोविडने एक जादा मृत्यू होईल असं धरलं, तर नियमित लसीकरण चालू ठेवल्याने सुमारे ८४ बालमृत्यू टळतात. आकडे देशागणिक बदलतील, पण तराजू कुठल्या बाजूला झुकतो ते दिसतं. जायचं तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या, मुलाबरोबर एकच मोठं माणूस असू द्या, आणि टोचल्यानंतरची १५ मिनिटं गर्दीपासून दूर, पण कुणाच्या तरी नजरेसमोर काढा. आधी कधी जोराची ॲलर्जी आली असेल तर ३० मिनिटं. अंगावर गांधी किंवा श्वासाचा त्रास बहुतेकदा याच वेळात दिसतो.

‘एवढ्याशा जिवाला एका दिवशी तीन सुया?’ हाही नेहमीचा प्रश्न. चालतात. तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला टोचतात. एकाच मांडीत दोन द्यायच्या तर मध्ये अडीच सेंटिमीटर जागा सोडतात, म्हणजे नंतर सूज आली तर कुठल्या लसीची ते कळतं. एका फेरीत तीन लसी झाल्या तर दवाखान्याच्या दोन फेऱ्या वाचतात, आणि साथीच्या दिवसांत तो फायदा लहान नाही.

खरी गडबड होते जिवंत विषाणूंच्या लसींमध्ये. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर, कांजिण्यांची आणि पीतज्वराची (यलो फीव्हर) अशा लसी एकतर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर दोन लसींत पूर्ण २८ दिवस जाऊ द्यायचे. बोटांवर मोजून दाखवते: १ मार्चला एमएमआर दिली असेल तर कांजिण्यांची लस २९ मार्चच्या आधी नाही. २५ मार्चला विमान आहे म्हणून २२ ला दिली, तर कांजिण्यांचा तो डोस धरत नाहीत आणि २८ दिवसांनी तो पुन्हा द्यावा लागतो. इतर काही अंतरांमध्ये चार दिवसांची सूट मिळते, इथे तीही नाही. तिकीट काढण्याआधी कार्ड उघडायला सांगते ते म्हणूनच: निघायच्या तारखेपासून मागे मोजत यायचं आणि जिवंत लसींचा दिवस आधी ठरवायचा. बाकीच्या लसी मग त्याच्या आजूबाजूला बसवता येतात.

प्रवासासाठी गोवर सगळ्यात वरच्या रांगेत. एका रुग्णापासून, कुणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते, आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. २०१९ मध्ये जगभरात गोवराचे सुमारे ८ लाख ७० हजार रुग्ण नोंदले गेले, २३ वर्षांतला उच्चांक. पाठोपाठ महामारी आली, आणि २०२१ मध्ये अडीच कोटी मुलांचा त्रिगुणी (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला) लसीचा निदान एक डोस तरी राहिला. त्यातल्या १ कोटी ८० लाखांना एकही मिळाला नव्हता. दवाखान्याच्या फेऱ्या चुकल्या की गोवराचे डोसही मागे पडतात. सगळं लक्ष नव्या रोगाकडे असताना जुना रोग मागच्या दाराने येतो तो असा.

६ ते ११ महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी एमएमआरचा एक जादा डोस द्यावा, असं अमेरिकेसारख्या देशांत सांगतात. हा डोस मोजणीत धरत नाहीत. वर्षाचं झाल्यावर दोन डोस द्यायचेच, दोन्हींत किमान २८ दिवस ठेवून. काही देशांत गोवराचा नियमित पहिला डोसच ९ महिन्यांना असतो आणि तिथे तो रीतसर पहिला. पण जिथे १२ महिन्यांचा नियम आहे, तिथे शाळेत नाव घालताना तो डोस बाद धरतात आणि ‘दोन झालेत की!’ म्हणणारे आईबाप वाद घालत बसतात. वाद घालू नका, तिसरा डोस घ्या. जादा डोसने अपाय होत नाही.

आता ताप, आणि इथे साथीच्या काळात विमानतळावर फजिती होते. मृत जंतूंच्या लसींचा ताप बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत येऊन जातो. एमएमआरचा ताप मात्र उशिरा येतो, साधारण ७ ते १२ दिवसांनी, कधीकधी अंगावर पुरळ घेऊन. निघायच्या दहा दिवस आधी लस दिली, आठवडाभर मूल मजेत खेळलं, आणि नेमकं ताप मोजणाऱ्या कॅमेऱ्यासमोर उभं राहिल्यावर ते ३८.५ अंश सेल्सिअस दाखवतं. तपासणाऱ्या माणसाला तो ताप लसीचा की साथीचा हे कळायला मार्ग नाही. शिवाय लसीचं संरक्षण तयार व्हायलाही दोन आठवडे लागतात. दोन्ही कारणं एकाच आकड्यावर येऊन थांबतात: एमएमआर निघायच्या किमान १४ दिवस आधी, तीन आठवडे मिळाले तर उत्तम. वेळ उरलीच नसेल तर गोवराची लस ताप येईल म्हणून टाळू नका. लसीची तारीख लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

तापाचं सिरप बरोबर घेतात सगळेच, मात्रा चुकवतात बरेचजण. पॅरासिटामॉलचं माप चमच्यात नव्हे, मिलिग्रॅममध्ये लक्षात ठेवा: दर किलो वजनाला एका वेळी १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचंच नाही. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर ५ मिलीत १२० असेल तर ते सव्वासहा मिली. ५ मिलीत १६० असेल तर ४.७ मिली. ५ मिलीत २५० असेल तर फक्त ३ मिली. आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० असेल तर दीड मिली. घरच्या बाटलीच्या सवयीने परदेशात विकत घेतलेल्या दाट बाटलीतून सव्वासहा मिली दिलं, तर मुलाच्या पोटात दुप्पट औषध जातं. ड्रॉप्समधून दिलं तर चौपट. घरचीच बाटली न्या, तिच्यासोबतची सिरिंज न्या, आणि मुलाचं वजन निघायच्या आठवड्यात करून बाटलीवर लिहून ठेवा. द्रवपदार्थांवरच्या १०० मिलीच्या बंधनातून औषध आणि बाळाचं दूध सहसा वगळलेलं असतं, फक्त तपासणीत ते वेगळं काढून दाखवायचं.

कोविडच्या लसीवरून जो गोंधळ झाला तो पुढच्या साथीतही होईल, म्हणून त्यातल्या दोन गोष्टी. एक, लहान मुलांचा डोस म्हणजे मोठ्यांच्या डोसचा अंदाजे केलेला तुकडा नव्हे. फायझरच्या लसीत १२ वर्षांवरच्यांना ३० मायक्रोग्रॅम होता आणि ५ ते ११ वयाला १०, तोही नारिंगी झाकणाच्या वेगळ्या कुपीतून. मूल अंगाने थोराड आहे म्हणून मोठा डोस नाही. टोचण्याच्या दिवशी वय किती, तेच बघायचं. दोन डोसांच्या मध्ये बारावा वाढदिवस आला तर दुसरा डोस मोठा. दोन, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा दुर्मिळ त्रास दिसला तो मुख्यतः वयात येणाऱ्या आणि तरुण मुलग्यांत, बहुतेकदा दुसऱ्या डोसनंतर आठवडाभरात. तेव्हा अशा वयाच्या मुलाचा दुसरा डोस आणि लांबचं विमान यांत निदान एक आठवडा ठेवलेला बरा. छातीत दुखलं, धडधडलं किंवा दम लागला तर तो जमिनीवर आणि डॉक्टरांच्या आवाक्यात असला पाहिजे.

पीतज्वराच्या लसीचे नियम मात्र डॉक्टरांइतकेच इमिग्रेशनच्या खिडकीवरही चालतात. ९ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस साधारणपणे देत नाहीत, आणि ६ महिन्यांच्या आत तर कधीच नाही. प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. आठव्या दिवशी पोचलात तर कागद खरा असूनही उपयोग शून्य. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी दुसरा डोस मागण्याचं कारण नाही. लस देता येत नसेल तर डॉक्टरांची सही-शिक्क्याची सूटचिठ्ठी लागते, पण ती मानायची की नाही हे त्या देशाच्या हातात. सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. पीतज्वराचा धोका असलेल्या देशाच्या नुसत्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबून आलात तरी बरेच देश प्रमाणपत्र मागतात. स्वस्त तिकीट नेमकं लांब थांब्याचं असतं.

कागदपत्रांत अडकतं ते फार साध्या गोष्टींवर. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लसीच्या कार्डावर नुसतं ‘बेबी’ आणि आईचं नाव. हे निघायच्या आधी दुरुस्त करून घ्या. तारीख ०३/०४/२०२१ अशी लिहिलेली असेल तर कुणी ती ३ एप्रिल वाचतो, कुणी ४ मार्च, आणि मग २८ दिवसांचं अंतर कागदावर कमी दिसतं. महिन्याचं नाव अक्षरात लिहून घ्या. लसीचं ब्रँडनाव आणि बॅच क्रमांक हवाच. सगळ्या पानांचे फोटो फोनमध्ये ठेवा, पण मूळ कार्ड हातातल्या बॅगेत. क्यूआर कोड वाचला न जाण्याची वेळ फोनची बॅटरी संपण्याच्या वेळीच येते.

मुलांना कुठल्या नियमातून सूट आहे, हे देशागणिक वेगळं. मास्कचंच बघा: ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको असं सांगितलं, तर अमेरिकेच्या विमानांत २ वर्षांपासून सक्ती होती. म्हणजे तीन वर्षांचं मूल एका विमानतळावर सुटलं आणि पुढच्यावर अडलं. प्रवासाआधी मागतात त्या साथीच्या चाचणीचंही तसंच. ‘७२ तास’ हे नमुना घेतल्यापासून की अहवाल आल्यापासून, आणि पहिल्या विमानापर्यंत की शेवटच्या, हे चार ओळी वाचून घ्या. मधल्या थांब्याच्या देशाचा नियमही त्यात येतो.

प्रत्यक्ष विमानाची भीती लोकांना जरा जास्तच असते. उडत्या विमानात केबिनची हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते आणि बहुतेक मोठ्या विमानांत ती बारीक गाळण्यांतून जाते. त्यापेक्षा चढायची रांग, जमिनीवर थांबलेल्या विमानात घालवलेला वेळ आणि सामानाच्या पट्ट्याजवळची गर्दी हे जास्त जोखमीचं. लहान मुलांना आधी आत सोडतात ती सवलत साथीत घ्यावीच असं नाही. शेवटी चढलात तर थांबलेल्या केबिनमधला अर्धा तास वाचतो.

लांब मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी अजून एक. काही देशांत शाळेत घालण्याआधी क्षयाची चाचणी मागतात. बीसीजी (क्षयाची लस) घेतलेल्या मुलाच्या हातावर त्वचेची चाचणी क्षय नसतानाही उठून दिसू शकते. रक्तावरची चाचणी बीसीजीमुळे फसत नाही, ती मागा. एमएमआरनंतर काही आठवडे त्वचेची चाचणी उलटी, म्हणजे खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून ती चाचणी एमएमआरच्या दिवशीच करायची, नाहीतर ४ आठवड्यांनी. दंडावरचा बीसीजीचा व्रण डॉक्टरांना आपणहून दाखवा. जिथे ही लस सर्रास देत नाहीत, तिथल्या डॉक्टरने तो व्रण कधी पाहिलेला असेलच असं नाही.