पाणी किती फुटावर?

आमच्या पतसंस्थेचं पहिलं नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर पांढरा सदरा आणि टोपी घालून सायकलवरून यायचं. साडेनऊला शटर वर करायचं, काउंटरवरची धूळ झटकायचं आणि कॅशियरच्या केबिनमधल्या गणपतीला उदबत्ती लावायचं. त्या गणपतीच्या बरोबर खाली, लाकडी फळीवर, चोवीस पोर्टचा स्विच, म्हणजे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडणारी पेटी. उदबत्ती ओवाळता ओवाळता मामा त्याच्यावर एक नजर टाकायचे आणि मला फोन करायचे. "मॅडम, वरच्या वळीतला चौथा दिवा गेलाय. कर्जवाल्यांचं बंद असंल बगा." आणि कर्ज विभागाचं बंदच असायचं.

मामा आमचे शिपाई. संस्थेचं मुख्य कार्यालय शाहूपुरीत, शाखा नऊ, आणि कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटीच. मामा यंदा ३० जूनला निवृत्त होणार हे जानेवारीत माझ्या ध्यानात आलं आणि मी चक्क घाबरलो. (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. लिहिताना तरी 'आले, गेले' कर, असं पुण्याची मावसबहीण सांगते. पण ते मला दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखं होतं. तेव्हा राहू दे.)

मामांसारखं नेटवर्कवर नजर ठेवणारं, फुकटात मिळणारं एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. फुकट म्हटल्यावर संचालक मंडळाने चहा यायच्या आत मंजुरी दिली. असली सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत आणि त्यांचे पूर्वजही मजेशीर आहेत. टोबियास ओटिकर नावाचा एक माणूस इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात होता. तिथून बाहेरच्या जगाला जोडणारी लाइन एकच, तीही ६४ किलोबिटची. ती किती भरलेली असते हे सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने १९९५ मध्ये एमआरटीजी लिहिलं. दर पाच मिनिटांनी राऊटरला, म्हणजे बाहेरची लाइन जोडणाऱ्या पेटीला, विचारायचं आणि आलेख काढायचा, एवढंच काम. मग १९९९ मध्ये नागिओस आलं, तेव्हा त्याचं नाव नेटसेंट होतं. लाटव्हियातून झॅबिक्स आलं. पण त्या पाच मिनिटांची सवय अजून बऱ्याच सॉफ्टवेअरांना आहे. मी कोणतं निवडलं ते सांगत नाही. सगळ्यांची सुरुवात सारखीच असते, आणि ती सॉफ्टवेअरपासून होत नाही.

ती वहीपासून होते. आपल्याकडे काय काय आहे, हा पहिला प्रश्न. मी आठवडाभर शाखा फिरून एका दोनशे पानी वहीत सगळं टिपलं. कुठला राऊटर, कुठला स्विच, कुठला कॅमेरा, आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर नंबर, काय. एकूण अडतीस वस्तू भरल्या. मोठ्या रुबाबात सॉफ्टवेअरला म्हटलं, आता तू शोध. डिस्कव्हरी नावाचं ते बटण दाबलं, तर पठ्ठ्याने एकसष्ट शोधल्या. वहीत नसलेल्यांमध्ये बरेचसे कर्मचाऱ्यांचे मोबाइल, चेअरमनसाहेबांच्या केबिनमधला टीव्ही, आणि ठेव विभागातल्या कपाटात टॉवेलात गुंडाळलेला एक वायफाय राऊटर. क्रिकेटसाठी. कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. एक वस्तू मात्र तीन दिवस सापडेना. पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, उत्तर द्यायची, पण कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. शेवटी गोदरेजच्या कपाटामागे निघाली. बोट ठेवून हजेरी लावायचं जुनं मशीन. नवीन आल्यावर याला कुणी बंदच केलं नव्हतं. ते बिचारं भिंतीकडे तोंड करून बोटांची वाट बघत उभं होतं.

उलटा प्रकारही झाला. अकरा स्विचपैकी सहा यादीत आलेच नाहीत. ते अनमॅनेज्ड, म्हणजे मुके. वायर जोडली की काम करतात, पण त्यांना ना आयपी पत्ता ना बोलायची सोय. त्यातले निदान चार बदलावे लागणार होते. अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमचं ते फुकट होतं ना?" मी म्हणालो, "साहेब, म्हैस फुकट मिळाली, पण पेंड विकतच आणायला लागते की." मंजूर झालं.

बोलणाऱ्या उपकरणांची भाषा एसएनएमपी, म्हणजे सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. १९८८ पासून चालत आलेली, आणि तिच्या नावातच 'साधी' असा शब्द आहे. साधी कसली! इथे प्रश्न शब्दांत विचारायचा नसतो, आकड्यांत विचारायचा. १.३.६.१.२.१.१.३ म्हणजे 'किती वेळ झाला चालू होऊन?' शेवटच्या तीनच्या जागी पाच घातले तर 'नाव काय?' आणि सहा घातले तर 'राहतोस कुठे?' पहिल्या दिवशी हे आकडे बघून डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं की ही तर आपल्या पेठेतल्या पत्त्याची पद्धत. आधी पेठ, मग तालीम, तालमीमागचा बोळ, बोळातलं तिसरं दार. एकेक फांदी उतरत खाली यायचं. 'राहतोस कुठे'चं उत्तर सगळ्या स्विचनी कोरं ठेवलेलं, कारण ते आपणच भरायचं असतं. मी भरलं, 'कॅशियर केबिन, गणपतीखाली'.

आणि परवलीचा शब्द? कित्येक उपकरणांत तो 'पब्लिक' असा घालूनच येतो आणि लोक तो तसाच ठेवतात. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली चौकटीवर. शिवाय या भाषेच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत तो शब्द तारेवरून उघडा जातो, झाकून जातो तो तिसऱ्या आवृत्तीत. नवीन स्विचना तिसरी लावली, जुन्यांचा निदान शब्द बदलला.

आता पहिली रात्र. मी हौसेने सगळे अलर्ट चालू केले होते. काहीही झालं तरी मला कळलं पाहिजे! सव्वासहाला ऑफिस सुटलं, लोकांनी आपापले कॉम्प्युटर बंद केले आणि माझा मोबाइल सुरू झाला. अमुक बंद, तमुक बंद. मग मोबाइलवाले घरी गेले, तेही बंद. चेअरमनसाहेबांचा टीव्ही बंद. रात्री अकराला प्रिंटरने कळवलं की कागद संपला. दोन वाजता गगनबावड्याची वीज गेली. तिथला यूपीएस दमल्यावर राऊटर बंद, स्विच बंद, चार कॉम्प्युटर बंद, कॅमेरे बंद, प्रत्येकाचा वेगळा मेसेज. वीज आल्यावर सगळ्यांचे पुन्हा मेसेज, 'मी आलो'. यांची झोपमोड झाली. कूस बदलत म्हणाले, "काय गं, फेब्रुवारीत पूर आलाय काय?"

बोलून गेले आणि घोरायला लागले. मी मात्र उठून बसलो.

कोल्हापुरात पावसाळ्यात माणूस माणसाला भेटला की बरं आहे का असं विचारत नाही. 'पाणी किती फुटावर?' असं विचारतो. फूट म्हणजे राजाराम बंधाऱ्याजवळच्या पंचगंगेचे. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. नदी अठरा फुटांवर असताना कुणाचा फोन वाजत नाही. पंचवीस झाली तरी लोक छत्री घेऊन हौसेने पाणी बघायला जातात. ३९ म्हटलं की काठावरची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात आणि ४३ म्हटलं की जनावरं सोडून निघायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, पण तोवर आकड्याचं काम करून झालं होतं. त्यापुढचं काम होड्यांचं.

आणखी एक गोष्ट त्या रात्री अंथरुणात बसून सुचली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की पुण्याचा रस्ता बंद, एवढीच बातमी येते. वाठार तुटलं, किणी तुटलं, पेठनाका तुटला अशा वेगवेगळ्या बातम्या कुणी देत नाही. सॉफ्टवेअरलाही हे शिकवता येतं. कोण कुणाच्या पाठीमागे आहे ते सांगून ठेवायचं. गगनबावड्याचा राऊटर गेला की त्याच्या मागच्यांनी गप्प बसायचं.

राधानगरीचंही तसंच. पंचगंगेची पातळी कुणीतरी ठरल्या वेळी बघून कळवतं, तसं आमचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी विचारत फिरतं. पण राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कुणी विचारायची वाट बघत नाहीत. पाणी चढलं की आपोआप उघडतात आणि भोगावतीकाठच्या गावांना कळतं. उपकरणानेही असं आपणहून कळवलं तर त्याला ट्रॅप म्हणतात. एवढंच की ट्रॅप पाठवणाऱ्याला तो पोचला की नाही ते समजत नाही. त्यामुळे विचारत फिरणं सोडता येत नाही. दरवाजे आपोआप उघडतात म्हणून बंधाऱ्यावर पाणी मोजायचं कुणी थांबवलंय का?

दुसऱ्या दिवशी वही पुन्हा काढली आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखले. एकावर ३९, दुसऱ्यावर ४३. गगनबावड्याच्या यूपीएसची बॅटरी निम्मी झाली की ३९, पाचवा हिस्सा उरली की ४३. शाखेच्या लाइनने एकदा उत्तर नाही दिलं तर दुर्लक्ष, लागोपाठ तीनदा नाही दिलं तर ४३. कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरपुढे दोन्ही रकाने रिकामे. प्रिंटरपुढेही रिकामे, त्याचा कागद संपला तर ओरडायला माणसं आहेत. हे रकाने भरायला मला सव्वा महिना लागला, कारण आधी प्रत्येकाचं रोजचं पाणी किती ते बघावं लागलं. आलेख बघत बसायचा नादच लागला म्हणा. ऊसबिलं जमा झाली की गडहिंग्लजची रेघ सकाळी अकराला टेकडीसारखी वर. मुख्य कार्यालयाची रेघ जेवणाच्या सुट्टीत वर, आणि त्या टेकडीचा पायथा ठेव विभागात.

मे महिन्यात एका सकाळी निरोप आला. गणपतीखालचा स्विच पहाटे पुन्हा सुरू झाला. सुरू झाल्यापासूनचा वेळ सहा मिनिटं. ऑफिसला कुलूप होतं आणि किल्ली मामांकडे. मी मामांना विचारलं, आणि विचारताना माझा आवाज जरा चढला, हे कबूल करतो. मामा म्हणाले, "मॅडम, म्या फकस्त उदबत्ती लावतो. वायरीला हात न्हाई लावला कवा." दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी मला उलगडा झाला. स्विच आपला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो आणि त्याची मोजपट्टी ४,२९,४९,६७,२९६ पर्यंतच. म्हणजे साधारण ४९७ दिवस. त्यानंतर काटा शून्यावर येऊन पुन्हा मोजायला लागतो. स्विच बंद पडलाच नव्हता. उलट मामांच्या उदबत्तीखाली तो दीड वर्षाच्या आसपास एका क्षणासाठीही विझला नव्हता. मी त्यांना मिसळ खायला घेऊन गेलो. हिशेब समजावून सांगितला. त्यांनी कट मागवून घेतला, पावाचा तुकडा बुडवला आणि म्हणाले, "म्हंजी मिशीन खोटं बोललं न्हाई, पर खरंबी बोललं न्हाई."

३० जूनला निरोपसमारंभ दुपारी होता. मामा सकाळी नेहमीसारखे साडेनऊला आले, उदबत्ती लावली. मी शेजारीच उभी. भिंतीवर नवीन स्क्रीन लावलेला, नऊच्या नऊ शाखा हिरव्यागार. मामांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. स्विचकडे वाकून म्हणाले, "मॅडम, खालच्या वळीतला तिसरा. रोज हिरवा असतोय, आज केशरी हाय."

केशरी म्हणजे वेग उतरलेला. या स्विचवर हजार एमबीपीएसला हिरवा, शंभरला केशरी. हजारला तारेच्या चारही जोड्या लागतात, शंभर दोन जोड्यांवरही निघतो. माळ्यावर चढून बघितलं तर उंदराने केबल कुरतडलेली. दोन जोड्या तेवढ्या शाबूत. जोडणी चालू होती, म्हणून सॉफ्टवेअरला त्यात काही वावगं दिसलं नाही. हजारवरून शंभरवर आलं तर सांग, असं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

समारंभात श्रीफळ, शाल, फेटा सगळं झालं. संध्याकाळी बसून तो नियम घातला. नियमाला नाव द्यावं लागतं. मी 'मामा केशरी' असं दिलं.

जुलैत, पाऊस लागलेला, रात्री साडेअकराला मोबाइल एकदाच वाजला. यांनी अंधारातच विचारलं, "कुणाचाय?"

"मामांचा," मी म्हणालो. "गडहिंग्लजला सातव्या पोर्टवर."

"बरं. पाणी किती फुटावर?"

"छत्तीस."

"झोप मग."