अडकलेला हसरा मुखवटा

युवा महोत्सवाच्या मूकाभिनयाच्या तालमींत मी मुलांना सगळ्यात आधी भिंत शिकवते. तळवा हवेत टेकवायचा. एकदा टेकला की खांदा हलू दे, कंबर हलू दे, तळवा जागचा हलता कामा नये. सुतभर सरकला तरी भिंत गेलीच.

मला हे वेड लावलं फ्रेंच मूकाभिनेते मार्सेल मार्सो यांनी. प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही त्यांना. २००७ मध्ये ते गेले. पण त्यांचा 'मुखवटे बनवणारा' हा प्रयोग मी पडद्यावर किती वेळा पाहिला असेल! एक मुखवटा चढवतात, उतरवतात, दुसरा चढवतात. हसरा, रडका, हसरा, रडका. आणि अचानक हसरा अडकतो. हात ओढतात, छाती धपापते, गुडघे डळमळतात. सगळं अंग रडतंय आणि ओठ मात्र तसेच कानापर्यंत ताणलेले. हातात मुखवटा नाहीच, हे आपण तोवर विसरलेलो असतो.

आधी मला ती चेहऱ्याची कसरत वाटायची. मग त्यांच्याविषयी वाचलं. जन्म १९२३चा, स्ट्रासबुर्गचा. मूळ आडनाव मांगेल, घर ज्यू. वडील खाटीक. १९४४ मध्ये नाझींनी वडिलांना औशवित्झच्या छळछावणीत नेलं, ते परतले नाहीत. मुलगा तेव्हा फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता. ओळखपत्रांवर वयं बदलून पोरांना लहान दाखवत होता, ज्यू मुलांना स्वित्झर्लंडच्या सीमेपार पोचवत होता. मार्सो हे आडनावही लपण्यासाठीच घेतलेलं, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या एका सेनानीचं.

पुढे मूकाभिनयाचे गुरू एतिएन दक्रू यांच्याकडे शिक्षण, १९४७ मध्ये बिप हे त्यांचं पात्र: पट्टेरी बनियन, चेपलेली टोपी, टोपीवर डुलणारं लाल फूल. हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्यांचं एक म्हणणं सोडत नाही. छळछावण्यांतून परतलेल्यांना त्याबद्दल बोलता येत नसे. आपण मौन निवडलं, त्यात नकळत याचाही वाटा असेल, असं ते म्हणाले होते.

त्यानंतर मी तो मुखवटा पुन्हा पाहिला. कसरत दिसलीच नाही.

गेल्या आठवड्यात एका मुलीला तोच प्रसंग करायला दिला. ती दात दाखवत जोरजोरात ओढत होती, बाकीचे खिदळत होते. म्हटलं, "ओढू नकोस गं. ओढून ओढून दमलीयेस, तिथून सुरू कर."

तिने हात खाली सोडले. ओठ तसेच ठेवले. खिदळणं थांबलं.