कोकोची मातृझाडं निवडताना फुलांनी मला फसवलं

चांगल्या झाडाच्या फांदीवरचे डोळे (कोंब) लहान रोपांवर बसवून नवी कलमं करायची होती, म्हणून ज्यांचे डोळे घ्यायचे ती मातृझाडं आधी ठरवायला घेतली. पहिल्या वर्षी मी फुलं बघूनच चुन्याच्या खुणा केल्या. कोकोला फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. सात नंबरचं झाड तर बुंध्यापासून बेचक्यापर्यंत बारीक चांदण्यांनी भरलं होतं. दोन दिवसांत बहुतेक फुलं खाली. शंभरातली जेमतेम एक ते पाच फळ धरतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. धरलेल्यांतलीही बरीच बोटाएवढी होऊन पिवळी पडली, मग काळी झाली आणि वाळून देठालाच चिकटून राहिली. मी बुरशी समजून फवारणी केली. खरं तर झाडच भार झेपत नाही म्हणून फळं सोडून देत होतं!

दुसऱ्या वर्षी वही केली. फूल ते पिकलेलं फळ यात पाच-सहा महिने जातात, त्यामुळे वर्षभर मोजणी सुटली नाही. प्रत्येक झाडाची पिकलेली फळं, फळातल्या बिया आणि आंबवून वाळवल्यावर एका बीचं वजन, एवढंच लिहायचं. सात नंबरने 60 फळं दिली, पण फळात 38 बिया आणि बी 0.7 ग्रॅमची. बारा नंबरची फळं 44च. बिया 42, बी 1.2 ग्रॅमची. म्हणजे किलोभर सुक्या बियांना सातची 38 फळं फोडायची, बाराची 20. वर्षाचा हिशेब 1.6 किलो विरुद्ध 2.2 किलो. कोयता चालवणाऱ्या हाताला हा फरक आकड्यांआधीच कळतो.

एका दांडग्या झाडाने बारालाही मागे टाकलं होतं, पण त्याने दोन झाडांची जागा खाल्ली होती. ते सोडलं.

बारावरच थांबणार होतो. सहज म्हणून त्याच्या तीस फुलांना त्याचेच पराग हाताने लावले. आठवड्यात सगळी गळाली. एकोणीस नंबरचे पराग लावले तेव्हा फळं धरली. कोकोच्या कितीतरी झाडांना स्वतःचे पराग चालत नाहीत. एकाच झाडाची कलमं लावली असती तर फुलं बघत बसलो असतो. आता बाराच्या दोन ओळींमागे एकोणीसची एक ओळ आहे. खालचा पालापाचोळाही झाडून काढत नाही, कारण परागीभवन करणाऱ्या चिमुकल्या माश्या त्यातच वाढतात.